शहाळ्याचा सुवास कोठून येतो?

तारकर्लीला पर्यटक येतात, शहाळ्यांना गिऱ्हाईक असते. तेथील बागायतदाराने बाणवली माडांबरोबर थायलंडचा सुवासिक ठेंगू नारळ लावायचा विचार केला, तर आधी त्या सुवासाचे मूळ समजून घ्यावे.

सजीवाचे गुण पेशीतील डी.एन.ए.वर लिहिलेले असतात. सुंभाप्रमाणे त्याला दोन पदरांचा पीळ असतो. एका पदरावर अॅडेनिन असेल तेथे समोर थायमिन, ग्वानिनसमोर सायटोसिन. दुसरी जोडी जमत नाही. म्हणून एका पदरावरून दुसरा तंतोतंत घडतो. पेशी या मजकुराची आर.एन.ए.मध्ये नक्कल काढते. रायबोसोम ती तीन-तीन अक्षरांनी वाचतो, दर तिहीला एक अमिनो आम्ल जोडतो आणि प्रथिन तयार होते.

नारळाच्या एका जनुकात एके ठिकाणी अॅलॅनिनचा संकेत आहे. सुवासिक जातीत तेथे ग्वानिनऐवजी सायटोसिन असल्याने प्रोलिन जोडले जाते, असे थायलंडच्या संशोधकांना २०१६ मध्ये आढळले. फरक एका अक्षराचा, पण त्यामुळे ते प्रथिन नीट काम करीत नाही. ते जो पदार्थ खर्ची घालते तो साठतो व त्यापासून बासमतीतलाच सुगंधी घटक बनतो.

खरी अडचण पुढे आहे. शहाळ्याचे पाणी व मलई फलनानंतर तयार होतात. त्यांत परागाचाही वाटा असतो. ठेंगू जातीत बरेचसे स्वपरागीकरण होते हे खरे, तरी शेजारच्या बाणवलीचा पराग वाऱ्याने, मधमाश्यांमुळे पोहोचतोच. त्याबरोबर धड जनुक आले की प्रथिन काम करू लागते व त्या फळाचा वास जातो. तेव्हा ही झाडे बाणवलीत विखरून न लावता एकत्र, शक्य तितकी दूर लावावीत. किनाऱ्यावरील दाट माडांत हे सोपे नाही. रोपे घेण्यापूर्वी आजूबाजूचे माड मोजून घ्यावेत, शेजाऱ्याचेसुद्धा.