तपासणी, शेरा आणि पूर्तता
(कैगा अणुवीज केंद्राच्या निमित्ताने एक अभ्यास)

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला लेखापरीक्षण हा विषय शिकताना एक गोष्ट पहिल्याच प्रकरणात सांगितली जाते. वह्या तपासल्या आणि चूक सापडली, एवढ्याने परीक्षकाचे काम संपत नाही. चूक सापडली की हरकत लिहावी लागते, संबंधितांकडून खुलासा मागवावा लागतो, आणि दुरुस्ती खरोखर झाली की नाही हे पुढील वर्षी पुन्हा पाहावे लागते. तपासणी, शेरा आणि पूर्तता ह्या एकाच साखळीच्या तीन कड्या होत. त्यांतील एक जरी निखळली तरी उरलेल्या दोन कडांचा उपयोग फारसा राहत नाही.

हीच साखळी अणुवीज केंद्रालाही लागू पडते. फरक एवढाच की, जमाखर्चातील चूक पुढील वर्षी समायोजित करता येते. अणुभट्टीतील चुकीची किंमत कामगारांना व भोवतालच्या गावांना शरीराने मोजावी लागते. म्हणून हा विषय केवळ विज्ञान शाखेच्या मित्रांवर सोपवून आपण मोकळे होऊ नये, असे मला वाटते.

कैगा कोठे आहे?

गोव्याच्या दक्षिणेस, कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील कारवार तालुक्यात, काळी नदीच्या काठी कैगा हे ठिकाण आहे. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ते परके नाही. डिचोलीपासून ते सरळ रेषेत सुमारे शंभर किलोमीटर भरेल, पेडण्यापासून थोडे अधिक. काणकोणकरांना तर ते जवळच आहे. तेथे प्रत्येकी २२० मेगावॉट क्षमतेच्या चार अणुभट्ट्या आहेत. दुसरी भट्टी मार्च २००० मध्ये, पहिली त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, तिसरी २००७ साली आणि चौथी २०११ साली व्यापारी उत्पादनात आली. येथेच प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्या उभारण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने मे २०१७ मध्ये मंजुरी दिली. तेव्हा हा शेजार वाढणारा आहे.

तपासणीची रीत

अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. केंद्राची जागा ठरविणे, बांधकाम, चाचणी आणि प्रत्यक्ष चालविणे, अशा प्रत्येक टप्प्यावर ह्या मंडळाची संमती घ्यावी लागते. चालविण्याचा परवाना कायमचा नसतो. ठरावीक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते आणि दर दहा वर्षांनी संपूर्ण सुरक्षेचा नव्याने आढावा घेतला जातो. ह्याखेरीज मंडळाचे निरीक्षक केंद्रावर जाऊन तपासणी करतात.

ह्या तपासण्यांत निघालेल्या शेऱ्यांची मंडळाच्या वार्षिक अहवालांत पाच वर्गांत मांडणी केलेली आढळते. ती समजून घेण्यासारखी आहे. पहिल्या वर्गात केंद्र चालविण्यासाठी घालून दिलेल्या तांत्रिक मर्यादांचे व अटींचे उल्लंघन येते. दुसऱ्यात सुरक्षेच्या यंत्रणांतील बिघाड व झीज. तिसऱ्यात मूळ आराखड्यातील उणिवा, ज्या अनुभवाने पुढे लक्षात आल्या. चौथ्यात कार्यपद्धतीतील अपुरेपणा. आणि पाचव्यात स्वच्छता, टापटीप व चांगल्या रिवाजांपासून झालेली फारकत.

पाचव्या वर्गाला क्षुल्लक समजण्याचा मोह होतो. पण समजा, आपत्कालीन दारासमोर कोणी सामानाची खोकी रचून ठेवली आहेत. एरवी ती फक्त खोकीच असतात. आग लागली म्हणजे तीच वाट अडवतात. रोखपालाच्या टेबलावर पावती न फाडता ठेवलेली नोट जशी पुढच्या मोठ्या गैरव्यवहाराची खूण असू शकते, तसेच हे आहे.

घुमट कोसळला तेव्हा

१३ मे १९९४ रोजी कैगाच्या पहिल्या भट्टीच्या इमारतीचे बांधकाम चालू असताना आतील घुमटाचे काँक्रीट थराथराने सुटून खाली आले. कामगार जखमी झाले. भट्टीत अद्याप इंधन भरलेले नव्हते, म्हणून किरणोत्साराचा प्रश्न उद्‌भवला नाही. परंतु हा घुमट म्हणजे अपघाताच्या प्रसंगी किरणोत्सर्गी द्रव्य बाहेर जाऊ न देणारे शेवटचे झाकण होय. तेच बांधकामात टिकले नाही. चौकशीत आराखड्यातील व गुणवत्ता-नियंत्रणातील उणिवा पुढे आल्या. घुमटाचा आराखडा नव्याने करावा लागला आणि मंडळाची संमती मिळाल्यावरच पुढील काम झाले. पहिल्या क्रमांकाची भट्टी दुसरीनंतर सुरू झाली ती याच कारणाने.

ह्यातून धडा असा की, तपासणी भट्टी पेटल्यावर सुरू होऊन चालत नाही. ती कागदावरील रेषेपासून सुरू झाली पाहिजे.

पाण्याच्या कूलरमधील ट्रिटियम

दुसरी घटना नोव्हेंबर २००९ मधील. कैगाच्या कर्मचाऱ्यांच्या लघवीची नेहमीप्रमाणे तपासणी होत असता काहींच्या नमुन्यांत ट्रिटियमचे प्रमाण वाढलेले दिसले. शोध घेता घेता माग पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरपर्यंत पोहोचला. त्यात ट्रिटियमयुक्त जड पाणी मिसळले गेले होते. पन्नासाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या शरीरात ते गेले. हे कृत्य आतल्याच कोणीतरी मुद्दाम केले असावे, असे अधिकाऱ्यांनी जाहीर केले.

ह्या घटनेला दोन बाजू आहेत. नित्याची, कंटाळवाणी वाटणारी तपासणी चालू होती म्हणूनच गोष्ट उघडकीस आली, ही एक. ज्या जड पाण्याचा थेंबन् थेंब मोजला जावा ते कोणाच्या हाती लागून कूलरपर्यंत जाऊ शकले, ही दुसरी. म्हणजे शरीराची तपासणी जागी होती, पण मालाचा पहारा झोपला होता. आपल्या भाषेत बोलावयाचे तर, रोकड मोजली जात होती, साठ्याची नोंदवही मात्र ढिली होती.

न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की, ह्याच कैगाची पहिली भट्टी १३ मे २०१६ पासून ३१ डिसेंबर २०१८ पर्यंत सलग ९६२ दिवस न थांबता चालली व तो त्या वेळी जागतिक विक्रम ठरला. ज्या भट्टीचा घुमट कोसळला तीच ही भट्टी. दोष दाखविणे म्हणजे केंद्राचे वैर करणे नव्हे. दोष वेळीच दाखवून पूर्तता करून घेतली म्हणजे असे घडू शकते.

परीक्षकाची तपासणी

आता मुख्य प्रश्न. परीक्षक स्वतंत्र आहे काय? कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १४१ प्रमाणे कंपनीचा अधिकारी किंवा नोकर तिचा लेखापरीक्षक होऊ शकत नाही. कारण उघड आहे : ज्याचे मीठ खावे त्याच्या वह्यांवर लाल शाई चालविणे कठीण जाते. नियामक मंडळ १९८३ च्या आदेशाने अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी करण्यात आले. ह्या आयोगाचे अध्यक्षपद अणुऊर्जा विभागाच्या सचिवाकडे असते, आणि अणुवीज केंद्रे चालविणारे महामंडळही त्याच विभागाखालचे.

भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी ऑगस्ट २०१२ मध्ये संसदेपुढे आलेल्या अहवालात नेमके ह्यावरच बोट ठेवले. मंडळाला पुरेशी स्वायत्तता नाही, सुरक्षेचे धोरण तयार करावयाचे काम जवळजवळ तीन दशके राहून गेले, नियमभंगाचा दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये म्हणजे धाक वाटण्याजोगा नाही, अशा हरकती त्यात आहेत. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पथकानेही २०१५ साली मंडळाची स्वायत्तता कायद्यातच बांधून द्यावी, अशी सूचना केली. तत्पूर्वी २०११ साली लोकसभेत मांडलेले यासंबंधीचे विधेयक लोकसभेच्या मुदतीबरोबर बारगळले होते. अखेर डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत करून मंडळाला वैधानिक दर्जा देण्याची तरतूद केली. २०१२ च्या हरकतीची पूर्तता अशी तेरा वर्षांनी कागदावर झाली. ती प्रत्यक्षात कितपत उतरते हे पाहणे आता आपल्या पिढीचे काम आहे. खाजगी कंपन्यांसाठी हे क्षेत्र त्याच कायद्याने खुले केले असल्यामुळे तर अधिकच.

आपल्या तालुक्यात

पेडणे-डिचोलीच्या वाचकाला वाटेल, ह्याचा आपल्याशी संबंध काय? संबंध दोन ठिकाणी आहे.

पहिला एक्स-रे यंत्राचा. तेही ह्याच मंडळाच्या कक्षेत येते. वर सांगितलेल्या अहवालाप्रमाणे देशातील ५७,४४३ वैद्यकीय एक्स-रे केंद्रांपैकी केवळ ५,२७० नोंदलेली होती. उरलेली ९१ टक्के नियंत्रणाबाहेर होती. आपल्या गावच्या एक्स-रे केंद्रात गेल्यावर, 'मंडळाचा परवाना आहे का?' असे नम्रपणे विचारावे. यंत्र चालविणाऱ्याच्या छातीवर किरणोत्सार मोजणारा बिल्ला आहे का, तेही पाहावे. विचारण्यात कोणाचा अपमान नाही.

दुसरा संबंध खाणींचा. त्याच २०१२ च्या सप्टेंबरात शहा आयोगाचा गोव्यातील लोहखनिज खाणींवरील अहवाल संसदेत आला. कायद्याप्रमाणे खाणींची तपासणीच न झाल्याने निर्भय, बेकायदा वातावरण माजले, असे त्यात म्हटले होते. पुढे खाणी बंद पडल्या, आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. डिचोलीतील ट्रकवाले, बार्जवर काम करणारे, गॅरेजवाले, खानावळवाले यांच्या घरात ह्या बंदीचा अर्थ काय झाला, हे येथे लिहून सांगण्याची गरज नाही. वेळेवर न झालेल्या तपासणीचा दंड शेवटी ज्यांच्या हाती तपासणीचे अधिकारच नव्हते त्यांनी भरला.

सारांश, नियम करणे सोपे, तपासणी करणे त्याहून कठीण आणि शेऱ्याची पूर्तता करवून घेणे सर्वांत कठीण. ही शेवटची पायरी निरीक्षकाच्या एकट्याच्या बळावर चढता येत नाही. तपासणीचे अहवाल मागून वाचणारे, त्यांत काय लिहिले आहे ते समजणारे आणि 'मागल्या वर्षीच्या शेऱ्याचे काय झाले?' असे विचारणारे नागरिक मागे उभे असावे लागतात. आकडे वाचावयास शिकलेल्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने तरी हा प्रश्न विचारण्यास कचरू नये.