बालकांसाठी सशुल्क ॲप : त्याचा बाजार व त्याची घडण

पाटी, अंकलिपी व पाठ्यपुस्तक ही प्राथमिक शाळेतील बालकाची परंपरागत साधने होत. त्यांच्या जोडीला आता पालकाच्या मोबाइलवरील ॲप येऊन बसले आहे. पारोळा तालुक्यात बोरी नदीच्या काठच्या गावांतही सायंकाळी शेतातून परतलेल्या वडिलांचा मोबाइल मुलाच्या हाती जातो आणि त्यावर मुळाक्षरे, पाढे, रंगभरण, खेळ असे काही ना काही चालू होते. पाटी फुटकी की धड, अंकलिपी शुद्ध की अशुद्ध, हे शिक्षक पाहताक्षणी सांगू शकतो. ॲपच्या बाबतीत मात्र ते कोणी केले, कशासाठी केले व त्याचा खर्च कोण सोसतो, हे ठाऊक असल्यावाचून त्याची पारख होत नाही. सबब या तीन गोष्टींचा विचार प्रस्तुत पाठात क्रमाने केला आहे.

१. वापरणारा एक, पैसे देणारा दुसरा

बालकांसाठी केलेल्या वस्तूच्या बाजारात एक विशेष असतो. ती वस्तू वापरतो बालक, पण तिचे मोल देतो पालक. मराठी बालनियतकालिकांना ही अडचण फार पूर्वीपासून परिचित आहे. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' मासिक सुरू केले, तेव्हा वाचक मुले होती व वर्गणीदार त्यांचे वडीलधारे होते. पुढे १९७१ साली पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे बालभारतीने, 'किशोर' काढले. तेथे एका सार्वजनिक संस्थेने निर्मितीचा भार उचलला व अंक अल्प किमतीत घरोघरी गेला. पालकाची वर्गणी आणि सार्वजनिक संस्थेचा आधार, हे दोन मार्ग तेव्हाच रूढ झाले होते.

ॲपच्या बाबतीत पालकाची स्थिती अधिक कठीण आहे. बाजारात अंकलिपी घेताना तो ती चाळून पाहतो. चित्रे कशी आहेत, अक्षर मोठे आहे की नाही, हे त्यास दिसते. अक्षरओळख बेताची असली तरी दुकानदारास चार प्रश्न विचारता येतात. ॲप असे चाळता येत नाही. समोर दिसतात ती चार चित्रे व अनोळखी लोकांनी दिलेले तारे. त्याच्याच शेजारी दुसरे ॲप 'मोफत' या शब्दानिशी उभे असते. अशा वेळी पालक मोफतकडे वळला, तर त्यास दोष देता येणार नाही.

२. बाजार कसा घडला

ॲपल कंपनीचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी उघडले व त्याच वर्षी ऑक्टोबरात अँड्रॉइडचा बाजार सुरू झाला. आरंभीच्या वर्षांत बालकांची अनेक उत्तम ॲप्स एकदाच किंमत घेऊन विकली जात. स्वीडनमधील तोका बोका ही संस्था २०११ पासून अशी ॲप्स विकत आली. तथापि २०१८ मध्ये तिने 'तोका लाइफ वर्ल्ड' हे ॲप मोफत उतरवून घेण्याची सोय केली व आतील निरनिराळे भाग विकण्याचा मार्ग धरला. एकदाच मोल देऊन घ्यावयाची वस्तू हळूहळू पुन्हापुन्हा मोल मागणारी वस्तू झाली, ती अशी.

या बदलाचे दुष्परिणामही दिसून आले. खेळता खेळता मुलांनी पालकांच्या नकळत खरेदी केल्याच्या तक्रारी अमेरिकेत इतक्या वाढल्या की, २०१४ साली तेथील संघराज्य व्यापार आयोगाशी झालेल्या तडजोडीत ॲपलने किमान ३ कोटी २५ लाख डॉलर व गुगलने किमान १ कोटी ९० लाख डॉलर ग्राहकांना परत करण्याचे मान्य केले.

भारतात अडचण निराळी होती. २०१५ साली गुगलने येथील सशुल्क ॲपची किमान किंमत ५० रुपयांवरून १० रुपयांवर आणली. परंतु ज्याच्यापाशी बँकेचे कार्डच नाही, त्यास दहा रुपये देण्याचाही मार्ग नव्हता. २०१६ साली यूपीआय आले आणि आज पारोळ्याच्या चहाच्या टपरीवरही चौकोनी संकेतचित्र टांगलेले दिसते. मार्ग झाला, परंतु न पाहिलेल्या वस्तूसाठी पैसे मोजावेत असा विश्वास अद्याप उत्पन्न झालेला नाही.

३. मोफत ॲपचे मोल कोण देतो?

कोणतेही ॲप खर्चावाचून तयार होत नाही. म्हणून 'मोफत' हा शब्द दिसताच खर्च कोणी दिला हे विचारावे. याची उत्तरे सामान्यतः चार असतात.

पहिले, जाहिरातदार. येथे बालकाचे लक्ष हीच विक्रीची वस्तू होते. पाढा पाठ होण्यापूर्वी मध्येच जाहिरात उघडते, ती या कारणाने.

दुसरे, पुढे खरेदी करणारा पालक. पहिले चार धडे मोफत असतात व पाचव्यावर कुलूप असते. कुलूप कोठे आहे हे आधीच स्पष्ट सांगितले असेल, तर या पद्धतीत गैर काही नाही.

तिसरे, दाता अथवा शासन. डक डक मूस ही अमेरिकन संस्था २००८ पासून लहान मुलांची सशुल्क ॲप्स करीत असे. २०१६ साली ती देणग्यांवर चालणाऱ्या खान अकॅडमीत सामील झाली व तिची सर्व ॲप्स मोफत झाली. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेले स्टोरीवीव्हर हे मराठीसह अनेक भाषांतील बालकथांचे भांडार याच वर्गातले. केंद्र शासनाचे २०१७ सालचे 'दीक्षा' हेही सार्वजनिक पैशातून उभे राहिले आहे.

चौथे, स्वतः शिक्षक. राजस्थानातील अलवर येथील इम्रान खान या शिक्षकांनी अनेक शैक्षणिक ॲप्स तयार करून मोफत दिली. त्यांचा उल्लेख नोव्हेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांच्या लंडन येथील भाषणात झाला. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर संकेत जोडले व २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. अशा कामाचे मोल शिक्षकाने आपल्या रात्रीच्या वेळातून दिलेले असते. ते कोठेही नोंदले जात नाही, एवढ्यावरून ते शून्य ठरत नाही.

४. किमतीचा हिशेब

ज्यास ॲप विकावयाचे आहे, त्याने आधी साधे गणित करावे. गुगलच्या बाजारात विक्रेत्याचे खाते उघडण्यास एकदाच २५ डॉलर भरावे लागतात. ॲपलच्या बाजारात दरवर्षी ९९ डॉलर पडतात. आरंभी दोन्ही कंपन्या विक्रीतून ३० टक्के ठेवून घेत. २०२१ पासून लहान विक्रेत्यांसाठी हा वाटा १५ टक्के करण्यात आला. या दराने १० रुपयांच्या ॲपमागे कर्त्याच्या हाती साडेआठ रुपये येतात. एक हजार पालकांनी ते घेतले, तर ८,५०० रुपये होतात. त्यांतून कर निराळा. एवढ्या रकमेत चित्रकार, आवाज देणारा व संगणकाची आज्ञावली लिहिणारा या तिघांचे काही महिन्यांचे श्रम भागणे अशक्य आहे. किंमत १०० रुपये ठेवली, तर तेवढ्याच रकमेसाठी शंभर पालक पुरतात. पण ते शंभर पालक मिळवणे हेच खरे काम होय.

खर्च एवढ्यावर थांबत नाही. अँड्रॉइडची नवी आवृत्ती दरवर्षी येते व जुने ॲप ठरावीक मुदतीत तिच्याशी जुळवून घ्यावे लागते. तसे न केल्यास नव्या मोबाइलवर ते बाजारात दिसेनासे होते. शिक्षकाने हौसेने केलेले ॲप त्याची बदली झाली, संगणक बिघडला वा उत्साह सरला की मरते, याचे कारण बहुधा हेच असते. पुस्तक छापून झाले की काम संपते. ॲपची देखभाल मात्र विहिरीतील गाळाप्रमाणे वर्षानुवर्षे करावी लागते.

५. ॲपची घडण

तांत्रिक भाग पूर्वीइतका दुर्घट राहिलेला नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे 'ॲप इन्व्हेंटर' हे साधन विनामूल्य असून त्यात रंगीत ठोकळे जोडून लहान ॲप तयार करता येते. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे 'मुक्त' व 'बलू' हे देवनागरी टंक खुल्या परवान्याने उपलब्ध आहेत. गुगलने नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्यांस एक अट घातली. ॲप सर्वांसाठी खुले करण्यापूर्वी काही परीक्षकांनी सलग १४ दिवस ते वापरून पाहिले पाहिजे. ही संख्या प्रथम २० होती, ती २०२४ च्या अखेरीस १२ झाली. गावातील बारा पालक यासाठी मिळाले, तर नियमाची पूर्ती होतेच, शिवाय खरी परीक्षाही होते.

अवघड भाग भाषेचा आहे. हिंदीच्या वर्णमालेत 'ळ' नाही. म्हणून हिंदीवरून बेतलेल्या ॲपमध्ये तो आहे की नाही, हे प्रथम पाहावे. 'ल' व 'श' यांची मराठी वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. 'चमचा' व 'चहा', 'जाळे' व 'जीवन' या शब्दांत 'च' आणि 'ज' यांचे उच्चार भिन्न होतात. ॲपमधील आवाजाने हा भेद पाळला नाही, तर पहिलीतील बालक चुकीचा उच्चार उचलते. याखेरीज ॲप आकाराने लहान असावे व इंटरनेट नसतानाही चालावे. मोबाइल वडिलांचा, त्यातील जागा अपुरी आणि तो मुलास मिळतो केवळ संध्याकाळी, ही वस्तुस्थिती गृहीत धरूनच रचना झाली पाहिजे.

कायद्याचे बंधनही आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाप्रमाणे १८ वर्षांखालील व्यक्ती बालक होय. बालकाची माहिती घेण्यापूर्वी पालकाची पडताळता येण्याजोगी संमती आवश्यक असून बालकाच्या वर्तनावर पाळत ठेवणे वा त्यास लक्ष्य करून जाहिरात देणे यांस मनाई आहे. भंग झाल्यास दंड २०० कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले असून त्यांचा अंमल टप्प्याटप्प्याने व्हावयाचा आहे. लहान कर्त्यास सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे मुलाचे नाव, छायाचित्र, ठिकाण यांतील काहीच न मागणे.

६. अहिराणी बोलणाऱ्या बालकाचा प्रश्न

आतापर्यंतचा विचार पारोळ्याच्या वर्गात आणला की एक निराळीच गोष्ट ध्यानात येते. येथील पुष्कळ बालके घरी अहिराणी बोलतात. त्यांच्या बोलीत 'आहे' याबद्दल 'शे' येते व मुलीस 'आंडेर' म्हणतात. अशा बालकास शाळेतील प्रमाण मराठीपर्यंत हात धरून नेणारे साधन हवे असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे शिक्षणाचे माध्यम असावे, असे म्हटले आहे.

असे ॲप बाजार देईल काय? २०११ च्या जनगणनेत खानदेशी या भाषेखाली सुमारे १८ लाख ६० हजार लोक नोंदले गेले. त्यांतील पहिली-दुसरीची मुले किती, त्यांच्यापैकी मोबाइल कितींच्या घरी आणि मोल देणारे पालक किती, अशी गाळणी लावत गेल्यास मोठ्या कंपनीस हे काम परवडणारे नाही, हे उघड आहे. जाहिरातदारासही या बालकांचे विशेष अगत्य असण्याचे कारण नाही. म्हणजे चार देणाऱ्यांपैकी पहिले दोन येथे येणारच नाहीत. उरतात ते दाता वा शासन आणि शिक्षक. एकट्या शिक्षकावर हा भार टाकला, तर काम त्याच्या बदलीबरोबर संपेल. म्हणून शब्द, गोष्टी व आवाज गावाने द्यावेत, रचना शिक्षकांच्या गटाने करावी, देखभालीचा अल्प वार्षिक खर्च शाळा व्यवस्थापन समितीने अथवा स्थानिक दात्याने उघडपणे उचलावा, आणि सर्व सामग्री खुल्या परवान्याने ठेवावी. मग एकाने सोडलेले काम दुसऱ्यास पुढे चालवता येईल. सामग्री एका मोबाइलमध्ये वा एका व्यक्तीच्या खात्यात अडकून राहू नये, ही दक्षता सर्वप्रथम घ्यावयाची आहे.

७. पालकास सल्ला देताना

गावात ॲपची पारख करणारा जाणता माणूस शिक्षकच असल्याने पालक त्यासच विचारणार. शिक्षकाने एखादे ॲप सुचविण्यापूर्वी ते स्वतः किमान अर्धा तास, इंटरनेट बंद करून व चालू ठेवून, असे दोन्ही प्रकारे वापरून पाहावे. मोफत ॲप मुलाचे लक्ष जाहिरातींकडे ओढत असेल आणि पन्नास रुपयांचे ॲप शांतपणे शिकवीत असेल, तर पन्नास रुपये देणे हिताचे आहे, असे पालकास निःसंकोच सांगावे. मात्र ज्या घरास तेवढे देणे जड आहे, तेथील मूल मागे पडणार नाही अशी तजवीज शाळेने आपल्या साधनांतून करावी. सशुल्क साधनाची सक्ती कोणत्याही बालकावर होता कामा नये.

शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वर्गातील मुले वापरीत असलेली तीन ॲप्स निवडा. प्रत्येकाचा खर्च चार देणाऱ्यांपैकी कोण देतो, ते शोधून लिहा.

२. त्यांतील एका ॲपमध्ये 'ळ', 'ल', 'श' यांची वळणे व 'च', 'ज' यांचे उच्चार तपासा.

३. ८० रुपये किमतीचे ॲप २५० पालकांनी घेतले. बाजाराचा वाटा १५ टक्के धरल्यास कर्त्यास करापूर्वी किती रक्कम मिळेल? तेवढ्यात कोणती कामे भागतील?

४. पहिलीच्या मुलांकडून घरी वापरले जाणारे पन्नास अहिराणी शब्द गोळा करा व त्यांपुढे प्रमाण मराठी शब्द लिहा. गावातील वडीलधाऱ्यांकडून, त्यांच्या संमतीने, त्यांचे उच्चार ध्वनिमुद्रित करून घ्या.

५. या शब्दसंग्रहाची जपणूक आपल्या बदलीनंतर कोण करील, हे परिषदेत ठरवून त्या व्यक्तीचे नाव इतिवृत्तात नोंदवा.