विकाराचे यथार्थ नाव

ज्वर दिसताच सुज्ञ वैद्य औषध देत नाही. ज्वर कशाने आला, हे तो प्रथम ठरवितो. मनाच्या विकारांविषयी मात्र बहुधा असा विवेक केला जात नाही. मनात जी जी अस्वस्थता उठते तिला 'राग' एवढे एकच नाव दिले जाते. आणि निदान चुकल्यामुळे उपायही चुकतो.

या दृष्टीने गीतेचा आरंभ मननीय आहे. पहिल्या अध्यायात अर्जुन प्रथम सांगतो ती शरीराची लक्षणे होत: गात्रांची शिथिलता, मुखाचा शोष, अंगाचा कंप, हातातून सुटणारे गांडीव. पुढे तो कुलक्षयाविषयी पुष्कळ युक्तिवाद करतो. संजय त्याच्या या अवस्थेला कृपा म्हणतो. भगवान तिला कश्मल, क्लैब्य, हृदयदौर्बल्य अशी नावे देतात. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात अर्जुन स्वतःच तिचे नाव उच्चारतो. कार्पण्य हा आपला दोष आहे आणि धर्माविषयी आपले चित्त मूढ झाले आहे, असे मान्य करून तो शिष्यभावाने शरण जातो. नाव घेताक्षणीच तो शांत झाला, असे नाही. युद्धास नकार देऊन तो मौन बसला. तथापि भगवंतांचा ज्ञानोपदेश अकराव्या श्लोकापासून सुरू होतो, त्यापूर्वी नव्हे. रोग्याने रोग कबूल केल्यावरच औषध चालू लागले.

मग केवळ नाव कळणे पुरेसे आहे काय? याचे उत्तर त्याच कुळातील दुसऱ्या एका पुरुषाच्या चरित्रात मिळते. दिल्लीतील पुराना किल्ल्याची भूमी परंपरेने इंद्रप्रस्थ मानली जाते. हस्तिनापूर मेरठ जिल्ह्यात असून तो जिल्हा आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. पांडवांचे वैभव पाहून इंद्रप्रस्थाहून हस्तिनापुरास परतताना दुर्योधन सुस्कारे टाकीत होता. शकुनीने कारण विचारले, तेव्हा आपण अमर्षाने जळत आहोत, हे त्याने स्पष्ट सांगितले. नाव अचूक होते. परंतु पुढे असंतोष हेच ऐश्वर्याचे मूळ आहे, असे म्हणून त्याने त्या अग्नीचे समर्थन केले आणि शकुनीने सुचविलेले द्यूत पत्करले. अर्जुनाने विकाराला दोष म्हटले, दुर्योधनाने त्याला गुण मानले. एकाने सारथ्याला मार्ग विचारला, दुसऱ्याने विकारालाच सारथी केले. दोघांच्या गतीतील अंतर एवढ्यानेच पडले.

आधुनिक मानसशास्त्रही या विषयाकडे वळले आहे. लॉस अँजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मॅथ्यू लीबरमन व त्यांचे सहकारी यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे आढळले, की चित्रातील चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दाने नाव दिले असता मेंदूतील भयादी भावनांशी संबंध असलेल्या भागाची क्रिया मंदावते.

आता नित्याचा प्रसंग घ्यावा. एखादा गृहस्थ दिल्लीतील कचेरीतून मेट्रोच्या गर्दीत उभा राहून गाझियाबादला घरी येतो आणि मुलाच्या लहानशा चुकीवर कडाडतो. 'मला राग आला,' असे तो म्हणतो. वस्तुतः तो श्रम असेल, तर विश्रांती हा उपाय. घरखर्चाची चिंता असेल, तर पत्नीसह बसून हिशेब मांडावा. वरिष्ठांच्या शब्दाने झालेला विषाद असेल, तर तो विश्वासाच्या माणसापाशी बोलावा. शेजाऱ्याच्या नव्या घराची असूया असेल, तर संतोषाचा अभ्यास करावा. यांपैकी एकाचेही औषध मुलाला ओरडणे हे नाही. श्रम, चिंता, विषाद, असूया, अमर्ष ही सारी नावे भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातील 33 व्यभिचारी भावांत येतात. व्यभिचारी म्हणजे येणारे आणि जाणारे. त्यांना ओळखणाऱ्याने हेही ओळखावे, की ते येतात आणि जातात. आपण ते नव्हे.

म्हणून साधकाने रोज सायंकाळी, देवापुढे दिवा लावल्यावर, क्षणभर स्वस्थ बसून तीन प्रश्न स्वतःस विचारावेत: शरीरात काय होत आहे? या विकाराचे खरे नाव काय? आणि आता माझे कर्तव्य कोणते? पहिल्या प्रश्नापाशीच थांबणारा अर्जुनाप्रमाणे रथात बसून राहतो. तिसऱ्यापर्यंत जाणारा अठराव्या अध्यायातील अर्जुनाप्रमाणे मोह टाकून उठतो.