दुरुस्तीआधी निदान : संगणक तंत्रज्ञांसाठी काही मोफत साधने

आमच्या शाळेतून शिकून गेलेल्यांपैकी काहींनी संगणक दुरुस्तीचा व्यवसाय पत्करला आहे. कुणी तालुक्याच्या गावी लहानसे दुकान थाटले आहे, कुणी कार्यालयांतून संगणकांची देखभाल पाहतो. त्यांच्या उपयोगी पडावे आणि पालकांनाही या कामाची रीत कळावी, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

आरंभी एक प्रसंग सांगतो. आमची एक माजी विद्यार्थिनी पदव्युत्तर परीक्षेचा प्रबंध लिहीत होती. तिचा लॅपटॉप मधूनच निळा पडदा दाखवून बंद पडू लागला. दुकानात नेल्यावर तेथे तो फॉरमॅट करून नव्याने विंडोज घालून देण्यात आले. प्रबंधाची टिपणे गेली. आजीची जी काही छायाचित्रे होती, तीही गेली. चार दिवसांनी तोच निळा पडदा पुन्हा दिसला, तेव्हा ती लॅपटॉप घेऊन शाळेच्या संगणक कक्षात आली. तपासणीअंती असे आढळले की दोष विंडोजमध्ये नव्हताच. तो रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एकीत होता. ती पट्टी काढताच यंत्र सुरळीत चालू लागले. म्हणजे जे गमावले, ते विनाकारण गमावले होते.

त्या दुकानदारास आम्ही दोष देत बसत नाही. ‘बिघडले की फॉरमॅट’ हीच रीत त्याला कुणीतरी शिकविली असावी. मात्र आमच्या विद्यार्थ्यांनी वेगळी रीत अंगी बाणवावी, असे आम्हांस वाटते : आधी ग्राहकाचे ऐकावे, मग तपासावे, मग माहिती सुरक्षित जागी न्यावी आणि सर्वांत शेवटी दुरुस्तीस हात घालावा. या रीतीसाठी लागणारी बहुतेक साधने मोफत मिळतात. चोरीच्या प्रती वापरण्याचे कारणच उरत नाही.

फुकट आणि मुक्त

या दोन शब्दांतील भेद प्रथम समजून घ्यावा. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली ग्नू प्रकल्पाची घोषणा केली आणि 1985 साली फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनची स्थापना केली. त्यांच्या व्याख्येनुसार मुक्त सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी वापरता येते, त्याची रचना अभ्यासता येते, प्रती इतरांना देता येतात आणि त्यात बदल करून तेही वाटता येतात. याउलट काही सॉफ्टवेअर केवळ घरगुती वापरासाठी फुकट असते. दुकानात, मोबदला घेऊन केलेल्या कामासाठी ते वापरल्यास परवान्याचा भंग होतो. म्हणून व्यवसायात पडणाऱ्याने प्रत्येक साधनाचा परवाना एकदा तरी वाचावा.

एका पेन ड्राइव्हमध्ये सारी पेटी

सुताराची पेटी असते, तशी तंत्रज्ञाची पेटी एका पेन ड्राइव्हमध्ये मावते. त्यासाठी ‘व्हेंटॉय’ हे मुक्त साधन उत्तम. ते पेन ड्राइव्हवर एकदा बसविले की पुढे आयएसओ फाइली नुसत्या कॉपी करून ठेवायच्या. संगणक सुरू करताना त्यांची यादी समोर येते आणि हवी ती निवडता येते. व्हेंटॉय बसविताना पेन ड्राइव्हवरील आधीची सर्व माहिती पुसली जाते, एवढे ध्यानात ठेवावे. एकच आयएसओ घालायची असेल, तर ‘रुफस’ पुरेसे आहे.

या पेन ड्राइव्हवर ‘सिस्टिमरेस्क्यू’ अवश्य असावे. हे लिनक्सवर आधारलेले असून हार्ड डिस्कवर काहीही न बसविता थेट पेन ड्राइव्हवरून चालते. विंडोज सुरूच होत नसेल, तरी याच्या साहाय्याने आतील फाइली पाहता व बाहेर काढता येतात.

निदान

प्रथम डिस्कची प्रकृती पाहावी. प्रत्येक डिस्क स्वतःच्या स्थितीची नोंद स्वतःच ठेवीत असते. तिला स्मार्ट नोंद म्हणतात. विंडोजमध्ये ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ ती नोंद वाचून दाखविते : निळा रंग म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे सावधान, तांबडा म्हणजे धोका. लिनक्सवर हेच काम ‘स्मार्टमॉनटूल्स’ करते. बदललेल्या सेक्टरांची संख्या वाढत असेल किंवा वाचता न येणारे सेक्टर प्रलंबित दिसत असतील, तर डिस्क थकली असे समजावे व इतर सर्व कामे थांबवून आधी माहिती बाहेर काढावी.

त्यानंतर रॅम तपासावी. ‘मेमटेस्ट86+’ हे मुक्त साधन संगणक सुरू होतानाच पेन ड्राइव्हवरून चालते. एक पूर्ण फेरी होऊ द्यावी. शक्य असल्यास रात्रभर चालू ठेवावे. तांबड्या अक्षरांत चुका दिसल्या, तर यंत्र बंद करून पट्ट्या काढाव्यात, त्यांची सोनेरी टोके खोडरबराने हलकेच पुसावीत आणि एकेक पट्टी लावून पुन्हा तपासावे. वर सांगितलेल्या लॅपटॉपचा दोष आम्हांस याच पद्धतीने सापडला.

यंत्र केवळ मंद झाले असेल, तर ‘सिसइंटर्नल्स’ संचातील दोन साधने उपयोगी पडतात. मार्क रुसिनोविच व ब्राइस कॉग्सवेल यांनी 1996 साली आरंभिलेला हा उपक्रम 2006 साली मायक्रोसॉफ्टने आपल्याकडे घेतला. हा संच मुक्त नाही, पण विनामूल्य आहे. ‘ऑटोरन्स’ हे साधन संगणकाबरोबर आपोआप काय काय सुरू होते ते दाखविते. ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ सध्या कोण किती भार टाकीत आहे ते सांगते. ऑटोरन्समधील अनोळखी नोंद एकदम काढून टाकू नये. प्रथम तिच्यापुढील खूण काढावी, यंत्र पुन्हा सुरू करून पाहावे आणि मगच निर्णय घ्यावा.

माहितीचे रक्षण

डिस्क चांगली असेल, तर ‘क्लोनझिला’ने तिची संपूर्ण प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घेता येते. तैवानच्या राष्ट्रीय उच्चक्षमता संगणन केंद्रात घडलेले हे मुक्त साधन बहुतेक वेळा डिस्कचा वापरात असलेला भागच तेवढा उचलते. थेट एका डिस्कवरून दुसरीवर उतरविताना मूळ कोणती व नवी कोणती, हे दोनदा वाचून पाहावे. या ठिकाणी अदलाबदल झाली, तर रिकामी डिस्क भरलेलीवर उतरते आणि सर्वस्व पुसले जाते.

डिस्क मरणपंथास लागली असेल, तर ‘ग्नू डीडीरेस्क्यू’ वापरावे. ते आधी सुस्थितीतील भाग उचलते आणि नादुरुस्त भाग शेवटी हाताळते. कोणता भाग झाला, कोणता राहिला, याचा नकाशा फाइलीत ठेवल्यामुळे मध्येच वीज गेली तरी काम पुढे चालू करता येते.

पार्टिशन हरवले असेल, तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे ‘टेस्टडिस्क’ आणि फाइली पुसल्या गेल्या असतील, तर त्यांचेच ‘फोटोरेक’ कामी येते. फोटोरेक फाइलीचे नाव पाहत नाही; प्रत्येक प्रकारच्या फाइलीच्या आरंभी जी ठरावीक खूण असते, तिच्यावरून ते शोध घेते. म्हणून परत आलेल्या फाइलींची मूळ नावे सहसा मिळत नाहीत. त्या विद्यार्थिनीच्या आजीची बरीच छायाचित्रे अशी निनावी परत आली. प्रबंधाचा मात्र जुना खर्डाच मिळाला. शेवटची दोन प्रकरणे तिला पुन्हा लिहावी लागली.

येथे तीन गोष्टी विसरू नयेत. परत मिळालेल्या फाइली त्याच डिस्कवर कधीही ठेवू नयेत. एसएसडीवरून पुसलेली माहिती बहुधा परत येत नाही, कारण रिकामे झालेले कप्पे ती स्वतःच साफ करते. अशा वेळी ग्राहकाला खोटी आशा दाखवू नये. आणि लॅपटॉप बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर 48 अंकी पुनर्प्राप्ती क्रमांक हाती आल्याशिवाय मदरबोर्ड वा बायॉस यांस हात लावू नये.

सावधगिरी

ही साधने नेहमी मूळ निर्मात्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावीत. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा पुष्कळदा जाहिरात असतो आणि त्याच नावाने व्हायरस पदरात पडण्याचा धोका असतो. निर्मात्याने एसएचए-256 अंक दिला असेल, तर तो उतरविलेल्या फाइलीशी ताडून पाहावा. आणखी एक गोष्ट कोणत्याही साधनात मिळत नाही : ग्राहकाच्या खासगी फाइली समोर असूनही त्या न उघडण्याचा संयम. तंत्रज्ञावरचा विश्वास यावरच टिकतो.

पालकांस विनंती

संगणक दुरुस्तीस देताना दोन प्रश्न अवश्य विचारावेत : ‘दोष नेमका कशात आहे?’ आणि ‘आतील माहितीची प्रत घेतली का?’ दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे मिळेपर्यंत फॉरमॅटला संमती देऊ नये. मुलांचे दाखले, जात प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि घरची छायाचित्रे यांची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवून तो कपाटात कागदपत्रांसोबत जपावा. असा पेन ड्राइव्ह त्या मुलीच्या घरी असता, तर आजीची सारी छायाचित्रे आज तिच्याजवळ असती.

या व्यवसायात असलेल्या माजी विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच, की सुटीत शाळेत याल तेव्हा आपली पेटी बरोबर आणावी. संगणक कक्षात जुनी यंत्रे आहेत आणि शिकायला उत्सुक मुलेही आहेत. एका दुपारी एक पट्टी कशी तपासावी, एवढे जरी दाखविले, तरी पुढे कुणाचा तरी प्रबंध वाचेल.