शिस्तभंगाची चौकशी आणि न्यायालयाचे कार्य



शाळेतील अध्यापनाबरोबर दप्तराचे कामही शिक्षकाच्या शिरावर असते. पोषण आहाराचा तांदूळ, शिष्यवृत्तीची रक्कम, हजेरीपत्रक यांत कोठे तफावत आढळली म्हणजे प्रसंगी दोषारोपपत्र हाती येते. अशा वेळी पुष्कळांची समजूत असते की, "येथे काय व्हावयाचे ते होवो, नागपूरला उच्च न्यायालय आहे, तेथे खरेखोटे ठरेल." ही समजूत अर्धीच खरी आहे. तिच्यावर विसंबून राहणाऱ्याची नोकरी जाऊ शकते. म्हणून न्यायालय काय पाहते व काय पाहत नाही, हे नीट ध्यानात घेतले पाहिजे.

जिल्हा परिषदेच्या सेवकांसाठी १९६४ सालचे जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम आहेत. ठपका ठेवणे, वेतनवाढ रोखणे, नुकसानीची वसुली करणे या सौम्य शिक्षा होत. पदावनती, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढून टाकणे व बडतर्फी या कठोर शिक्षा होत. कठोर शिक्षा द्यावयाची झाल्यास सामान्यतः लेखी दोषारोप, बचावाची संधी व रीतसर चौकशी आवश्यक असते. शिक्षेविरुद्ध प्रथम अपील करावयाचे असते. त्यानंतर राज्यघटनेच्या २२६ व्या अनुच्छेदान्वये उच्च न्यायालयाकडे, म्हणजे आपल्या बाबतीत नागपूर खंडपीठाकडे, दाद मागता येते.

परंतु न्यायालय म्हणजे दुसरा चौकशी अधिकारी नव्हे. आंध्र प्रदेशातील एका पोलीस अधिकाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली हे स्पष्ट केले. परीक्षेतील गुणांच्या फेरमोजणीचे उदाहरण घ्यावे. फेरमोजणी करणारा उत्तरे नव्याने तपासत नाही. सर्व उत्तरे तपासली गेली काय, बेरीज बरोबर आहे काय, एवढेच तो पाहतो. तद्वत् न्यायालय साक्षीपुरावा नव्याने तोलत नाही. निर्णय ज्या मार्गाने झाला तो मार्ग तपासते.

त्या मार्गावर चार गोष्टी पाहिल्या जातात.

पहिली, बचावाची खरी संधी मिळाली काय?

दुसरी, निष्कर्षाला काही पुरावा आहे काय? गोयल नावाच्या एका अधिकाऱ्यावर शंभर रुपयांची लाच देऊ केल्याचा आरोप होता. चौकशी अधिकाऱ्याने तो सिद्ध मानला नाही, तरी सरकारने त्यांना बडतर्फ केले. शंका कितीही बळकट असली तरी ती पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली ठरविले.

तिसरी, चौकशीचा अहवाल शिक्षेच्या निर्णयापूर्वी सेवकाला दिला काय? चौकशी दुसऱ्या अधिकाऱ्याने केली असता असा अहवाल मिळणे हा सेवकाचा हक्क आहे, हे १९९३ च्या करुणाकर प्रकरणात पक्के झाले. मात्र तो न मिळाल्याने बचावाची खरोखर हानी झाली काय, हेही न्यायालय पाहते.

चौथी, शिक्षा दोषाच्या मानाने अवाजवी आहे काय? १९९५ च्या चतुर्वेदी प्रकरणानुसार, शिक्षा पाहून न्यायबुद्धीला धक्का बसत असेल तरच न्यायालय तीत हात घालते.

नागपूर ज्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होते, त्या राज्याच्या सेवेतील कोषागार अधिकारी नुरुल लतीफ खान यांना १९५२ साली सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्यांनी तोंडी चौकशी मागितली होती. ती झाली नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आल्याने प्रकरण त्या राज्याच्या नावे चालले. सेवकाने मागणी केली असता तोंडी चौकशी घेणे तत्कालीन नियमाप्रमाणे बंधनकारक होते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली देऊन त्यांची बाजू उचलून धरली. यातील बोध असा की, त्यांनी मागणी चौकशीच्या वेळीच केली होती. जे तेव्हा मागितले नाही, ते नाकारले गेले असे पुढे कसे सांगता येईल?

समजा, मूल तालुक्यातील एखाद्या जंगलालगतच्या शाळेत तांदळाच्या साठ्यात तूट निघाली. पोत्यांचे वजन उतरवून घेताना झाले नव्हते, असे शिक्षकाचे म्हणणे आहे. त्याने मुदतीत लेखी उत्तर द्यावे. साठा नोंदवहीची प्रत मागावी. पोती उतरविणाऱ्यांना साक्षीस बोलावण्याची विनंती करावी. प्रत्येक अर्जाची पोच जपून ठेवावी. पावसाने वाट बंद असेल तर लेखी मुदत मागावी. चौकशीस गैरहजर राहिल्यास ती एकतर्फी चालू शकते, आणि नोटीस रीतसर मिळाली असल्यास पुढे न्यायालयात तक्रारीस फारशी जागा उरत नाही.

हा पाठ दोष झाकण्यासाठी नाही. मुलांचा तांदूळ खरोखर गेला असेल तर शिक्षा योग्यच आहे. परंतु निर्दोष माणूस मौनामुळे दोषी ठरू नये, एवढ्यासाठी हे ज्ञान प्रत्येकापाशी असावे.

केंद्रसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. अपील व न्यायालयीन तपासणी यांत फरक कोणता?
२. शंका व पुरावा यांतील भेद शालेय उदाहरणाने सांगा.
३. दोषारोपपत्र मिळाल्यावर शिक्षकाने कोणत्या गोष्टी लेखी मागाव्यात?