व्यवस्थापनात पीएच.डी. कोणी करावी?

एमबीएत कंपनी चालवायला शिकतात. कंपन्या जशा चालतात तशा का चालतात, याचा छडा व्यवस्थापनातील संशोधक लावतात. अभ्यासाचे विषय सारखे दिसले तरी कामाची जात वेगळी आहे.

उदाहरण तंत्रज्ञान प्रकल्पांचे घेता येईल. ऑक्सफर्डचे बेंट फ्लिव्हबियर्ग आणि अलेक्झांडर बुडझियर यांनी १,४७१ आयटी प्रकल्पांचा अंदाजित आणि प्रत्यक्ष खर्च ताडून पाहिला व निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध केले. खर्च सरासरी २७ टक्के वाढला होता, म्हणजे फार घाबरण्याजोगे काही नाही. पण दर सहांतल्या एका प्रकल्पाचा खर्च सरासरी २०० टक्क्यांनी फुगला होता. खरा धोका सरासरीच्या आड दडला होता. उद्योजकतेतही असेच एक गाजलेले काम आहे. सारस सरस्वती यांनी २७ मुरलेल्या उद्योजकांसमोर एका काल्पनिक धंद्याची कोडी ठेवली आणि विचार मोठ्याने बोलून दाखवायला सांगितले. ही मंडळी आधी ध्येय ठरवून मग साधने शोधत नव्हती. हाताशी असलेले ज्ञान आणि ओळखी यांतूनच पुढची पावले टाकत होती. सांख्यिकी आणि मुलाखती ही दोन्ही हत्यारे या क्षेत्रात चालतात. गणित कच्चे असलेल्यांनी मात्र आधी ते पक्के करावे.

प्रवेशासाठी किमान ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी लागते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असणाऱ्यांनाही थेट अर्ज करता येतो. किमान मुदत तीन वर्षे असली, तरी घरच्यांनी पाच वर्षांचा हिशेब धरलेला बरा. अहमदाबादच्या आयआयएममध्ये हा अभ्यासक्रम १९७१ पासून आहे. आयआयएमना पदवी देण्याचा अधिकार २०१७ च्या कायद्याने मिळाला; तोवर तिथे हा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्याला ‘फेलो’ म्हणत. महाराष्ट्रात मुंबई आणि नागपूरचे आयआयएम, आयआयटी मुंबईचे शैलेश मेहता स्कूल आणि राज्यातील विद्यापीठे हे पर्याय आहेत.

पालकांची पहिली चिंता पैशांची असते. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाल्यास २०२३ पासून पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. आयआयएम, आयआयटी स्वतःही विद्यावेतन देतात. एमबीए झालेल्या वर्गमित्राचा पगार या काळात पुष्कळ पुढे गेलेला असेल, हे मात्र मान्य करूनच उतरावे. पुढे प्राध्यापकी, सल्लागार संस्था आणि धोरणसंशोधन ही दारे खुली होतात. आयआयएममध्ये अध्यापक व्हायचे तर पीएच.डी.ला पर्याय नाही.

संस्थेच्या नावाइतकाच मार्गदर्शक महत्त्वाचा, आणि नेमके तेच बहुतेक जण शेवटी पाहतात. त्याचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत, त्याच्या हाताखालच्या विद्यार्थ्यांना किती वर्षे लागली ते विचारावे. पैसे भरून आठवड्यात निबंध छापणाऱ्या नियतकालिकांत त्याचे नाव वारंवार दिसत असेल, तर दुसरा मार्गदर्शक शोधावा. नोकरी मिळेना म्हणून किंवा नावामागे ‘डॉ.’ लागावे म्हणून ही वाट धरू नये; त्यापेक्षा दोन वर्षे नोकरी करून एखादा प्रश्न खुपू लागल्यावर अर्ज करणे अधिक चांगले.