वर्गातले मतदान

भरधाव मालमोटार आणि छोटी मोटार यांची समोरासमोर टक्कर झाली. अधिक बल कोणी कोणावर लावले? मालमोटारीने मोटारीवर, मोटारीने मालमोटारीवर, की दोघींनी एकमेकींवर सारखेच? पुढे वाचण्यापूर्वी आपले उत्तर कागदावर लिहून ठेवा.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात प्रा. एरिक माझुर भौतिकशास्त्र शिकवीत. त्यांचे विद्यार्थी अवघड गणिते बिनचूक सोडवीत. साहजिकच, आपण उत्तम शिकवतो अशी त्यांची समजूत होती. हॅलून व हेस्टेनेस या संशोधकांनी बलाविषयीच्या साध्या प्रश्नांची एक चाचणी १९८५ साली प्रसिद्ध केली होती. १९९० च्या सुमारास माझुर यांनी ती आपल्या वर्गाला दिली. निकाल पाहून ते चकित झाले. सूत्रे पाठ होती, पण त्यांमागील कल्पना अनेकांना समजलीच नव्हती!

पुन्हा पुन्हा समजावूनही उपयोग होईना. अखेर ते म्हणाले, ‘आता आपापसांतच चर्चा करा.’ काही मिनिटांतच बहुतेकांना उत्तर उमगले. असे का व्हावे? ज्याला एखादी गोष्ट नुकतीच समजली आहे, त्याला आपण कोठे अडखळलो होतो हे ताजे आठवत असते. शिक्षक ते केव्हाच विसरलेले असतात.

यातून १९९१ पासून एक पद्धत तयार झाली. शिक्षक थोडा वेळ शिकवतात व एक प्रश्न विचारतात. प्रत्येकजण स्वतः विचार करून मत देतो. बहुतेकांचे उत्तर बरोबर असेल तर पुढे जायचे. फारच थोड्यांचे बरोबर असेल तर पुन्हा शिकवायचे. मते विभागली असतील तर शेजाऱ्याशी चर्चा करून पुन्हा मत द्यायचे.

मते मोजण्यासाठी आधी हात वर करीत. पुढे हातात मावणारी बिनतारी यंत्रे आली. त्यांमुळे मोजणी झटपट होते आणि शेजाऱ्याचे पाहून हात वर करण्याची सोय उरत नाही. परंतु २००८ साली लॅसरी यांनी कॅनडात यंत्रे व साधी कार्डे यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही वर्ग सारखेच शिकले असे आढळले. खरे काम चर्चा करते, यंत्र नव्हे.

आता आपला कागद पाहा. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार दोन्ही बले सारखीच असतात! मोटारीचे वस्तुमान मालमोटारीच्या एक दशांश असेल, तर तिच्या वेगात मात्र दसपट बदल होतो. म्हणून तिच्यातील माणसांना जबर धक्का बसतो. आपण हा परिणाम पाहतो आणि त्यालाच बल समजतो.

उद्या हाच प्रश्न वर्गात विचारा. आधी मते घ्या, मग चर्चा करा, पुन्हा मते घ्या. दोन्ही आकडे फळ्यावर शेजारी शेजारी लिहा आणि काय फरक पडला ते पाहा.